हाँगकाँगचे हस्तांतर गावच्या अभ्यासिकेत कसे शिकवावे

स्पर्धा परीक्षांच्या मार्गदर्शक पुस्तकांत हाँगकाँगच्या वाट्याला बहुधा एकच ओळ येते: १ जुलै १९९७ रोजी ब्रिटनने हाँगकाँग चीनच्या स्वाधीन केले. ही ओळ खरी आहे, परंतु तिच्या आधारावर पुढचा एकही प्रश्न सुटत नाही. कोणता भाग मुदतीच्या पट्ट्यावर होता आणि कोणता कायमचा तोडून दिलेला होता, मुदत संपायला पंधरा वर्षे बाकी असतानाच वाटाघाटी का सुरू झाल्या, झेंडा बदलूनही चलन, न्यायालये आणि जागतिक व्यापार संघटनेतील सदस्यत्व वेगळे कसे राहिले, यांपैकी कशाचाही उलगडा त्या ओळीतून होत नाही. अमरावती जिल्ह्यातील एका खेड्याच्या अभ्यासिकेत मी गेली काही वर्षे हा विषय पाच बैठकांत घेत आलो आहे. अनुभवाने जी पद्धत उपयोगी ठरली, ती इतर गावांत अभ्यासिका चालवणाऱ्यांसाठी येथे सविस्तर मांडत आहे.

पद्धतीचा गाभा असा की, सार्वभौमत्वाचा बदल आधी जमिनीच्या कागदासारखा वाचावा. मालकी कोणाची, वहिवाट कोणाची, कोणत्या कागदाने, किती मुदतीसाठी, आणि वाद उद्भवला तर तो मिटवणार कोण, हे पाच प्रश्न आपल्याकडच्या कोणत्याही शेतकऱ्याच्या घरातील मुलाला समजावून द्यावे लागत नाहीत. सातबारा आणि मक्त्याचे कागद पाहत तो मोठा झालेला असतो. शिवाय वऱ्हाड प्रांत स्वतःच एका सत्ताधीशाकडून दुसऱ्याने पट्ट्यावर घेतलेला प्रदेश होता. त्यामुळे हाँगकाँग समजून घेण्याची जी पूर्वतयारी मोठ्या शहरातील शिकवणी वर्गाला करावी लागते, ती आपल्या मुलांजवळ घरचीच असते.

बैठकीची तयारी

पेरणी आणि कापूस वेचणीच्या दिवसांत हा विषय घेऊ नये, कारण मुले अर्ध्यावर गळतात आणि मधली एक बैठक हुकली की धागा तुटतो. तुरीचे खळे आटोपल्यावर, फेब्रुवारी-मार्चच्या सुमारास, सलग पाच संध्याकाळी ठेवाव्यात. मुलींना अंधार पडण्यापूर्वी घरी पोहोचता यावे म्हणून पाचला सुरुवात करून साडेसहाला थांबावे.

साहित्य फार लागत नाही. खडूची पेटी, मूठभर तूर, पूर्व आशियाचा नकाशा, आणि दोन कागदपत्रांच्या छापील प्रती एवढे पुरते. पहिले कागदपत्र म्हणजे ब्रिटन आणि चीन यांचा १९८४ चा संयुक्त जाहीरनामा. त्याचा मुख्य मजकूर अवघ्या आठ परिच्छेदांचा असून त्याला तीन परिशिष्टे जोडलेली आहेत. दुसरे म्हणजे हाँगकाँगचा मूलभूत कायदा, जो चीनच्या राष्ट्रीय लोकप्रतिनिधी सभेने ४ एप्रिल १९९० रोजी संमत केला आणि जो १ जुलै १९९७ पासून लागू झाला. त्याची १६० कलमे सगळी छापण्याची गरज नाही. ५, ८, २३, ४५, ८२, १११, ११६, १५१ आणि १५८ ही कलमे घ्यावीत. दोन्ही मजकूर इंग्रजीत सहज मिळतात. तालुक्याच्या ठिकाणी छापून आणावेत, कारण मोबाइलच्या पडद्यावर दोन वाक्ये शेजारीशेजारी ठेवून वाचता येत नाहीत, आणि या विषयात नेमके तेच करायचे आहे.

यांच्या जोडीला गावातील एखादे जुने मक्तेपत्र, नावे झाकून, जरूर आणावे. त्याचा उपयोग दुसऱ्या दिवशी होईल.

पहिली बैठक: फरशीवरील नकाशा

हाँगकाँगचा भूभाग एकाच वेळी, एकाच कागदाने ब्रिटनकडे गेलेला नाही, ही गोष्ट तोंडी सांगून मुलांच्या लक्षात राहत नाही. ती डोळ्यांना दिसावी लागते. फरशीवर खडूने तीन आकृत्या काढाव्यात: एक बेट, त्याच्यासमोर मुख्य भूमीचे टोक, आणि त्या टोकामागे पसरलेला मोठा प्रदेश. मग दहा चौरस किलोमीटरला तुरीचा एक दाणा असे प्रमाण धरून दाणे मांडायला सांगावेत. हाँगकाँग बेटावर आठ दाणे येतात. मुख्य भूमीच्या टोकावर, म्हणजे कौलूनच्या मूळ तोडून दिलेल्या भागावर, एखादाच दाणा बसतो. उरलेले शंभरच्या आसपास दाणे मागच्या प्रदेशात, ज्याला नवे प्रदेश म्हणतात, तेथे पडतात. एकूण हाँगकाँग सुमारे १,१०० चौरस किलोमीटरचे, म्हणजे आपल्याकडच्या एखाद्या मोठ्या तालुक्याएवढे आहे, हेही याच वेळी सांगून टाकावे.

आता प्रत्येक ढिगाशेजारी त्याचा कागद लिहावा. बेट १८४२ च्या नानकिंगच्या तहाने, पहिल्या अफू युद्धानंतर, कायमचे तोडून दिले गेले. हे युद्ध ज्या अफूवरून झाले ती प्रामुख्याने हिंदुस्थानातून जात असे. बिहारकडची अफू कलकत्त्यावरून आणि माळव्याची मुंबईवरून चीनच्या किनाऱ्याला लागे, त्यामुळे या इतिहासात आपण पहिल्या पानापासून आहोत. कौलूनचे टोक १८६० च्या पेकिंगच्या (आजच्या बीजिंगच्या) कराराने, तेही कायमचे, दिले गेले. नवे प्रदेश मात्र ९ जून १८९८ रोजी झालेल्या कराराने ९९ वर्षांच्या पट्ट्यावर दिले गेले. पट्टा १ जुलै १८९८ पासून सुरू झाला. त्याचा शेवटचा दिवस कोणता, हे मुलांनाच बोटांवर मोजू द्यावे: ३० जून १९९७. या पट्ट्याचे भाडे ब्रिटनने कधीच दिले नाही, कारण ते ठरलेच नव्हते.

येथे हमखास एक शंका निघते: बेट आणि कौलून जर कायमचे मिळाले होते, तर ब्रिटनने तेवढे स्वतःकडे का ठेवले नाही? आमच्या एका बैठकीला मुलाला न्यायला आलेले एक वयस्क शेतकरी दारात उभे राहून ऐकत होते. मी उत्तराची जुळवाजुळव करीत असतानाच त्यांनी विचारले, "घरचं वावर घरचंच हाये, पण इहीर मक्त्याच्या वावरात हाये. मक्ता सरला तं घरच्या वावराले पाणी कुठून आणसान?" याहून नेमके उत्तर मला आजवर कोणत्याही पुस्तकात सापडलेले नाही. हाँगकाँगचे मोठे जलाशय नव्या प्रदेशांत होते, १९६५ पासून तुंगच्यांग नदीचे पाणी चीनमधून विकत येत होते, आणि लोकवस्ती व कारखाने सीमारेषा ओलांडून कधीच मिसळून गेले होते. दाण्यांचे आठ-नऊ नग बाजूला काढून ठेवावेत आणि त्यांच्याकडे पाहत मुलांना बोलू द्यावे.

बैठकीच्या शेवटी बँकेचा प्रश्न घ्यावा. पट्टा १९९७ ला संपणार होता, मग १९७९ मध्येच गव्हर्नर मरी मॅक्लेहोस यांनी पेकिंगला जाऊन हा विषय का काढला? कारण नव्या प्रदेशांतील खाजगी जमिनींचे पट्टे मूळ मुदतीच्या तीन दिवस अगोदर, २७ जून १९९७ रोजी संपणार होते, आणि घरासाठी पंधरा वर्षांचे कर्ज देणारी बँक १९८२ नंतर कशाच्या तारणावर कर्ज देणार हा व्यवहारी पेच होता. तारणाची मुदत संपण्याआधी कर्जाची मुदत संपली पाहिजे, हे आपल्याकडे सोसायटीच्या पायऱ्या चढलेल्या प्रत्येकाला ठाऊक आहे. चीनचे सर्वोच्च नेते तंग श्यावफिंग यांनी त्या वेळी गुंतवणूकदारांनी निर्धास्त राहावे असा निरोप दिला, पण पट्ट्याबद्दल काही कबूल केले नाही. सप्टेंबर १९८२ मध्ये ब्रिटनच्या पंतप्रधान मार्गारेट थॅचर पेकिंगला गेल्या आणि जुने तह कायद्याने वैध असल्याचे त्यांनी मांडले. चीनने ते साफ नाकारले. पुढच्या वर्षी सप्टेंबरात हाँगकाँग डॉलर कोसळू लागला, आणि १७ ऑक्टोबर १९८३ रोजी तो एका अमेरिकी डॉलरला ७.८० या दराने बांधून टाकावा लागला. ही बांधणी आजही कायम आहे.

दुसरी बैठक: दोन वाक्ये शेजारीशेजारी

संयुक्त जाहीरनाम्यावर १९ डिसेंबर १९८४ रोजी थॅचर आणि चाव त्स्यांग या दोन पंतप्रधानांनी सह्या केल्या, आणि जून १९८५ मध्ये त्याची संयुक्त राष्ट्रांत नोंद झाली. या बैठकीत फक्त त्याचे पहिले दोन परिच्छेद वाचावेत. फळ्याचे उभे दोन भाग करून डावीकडे चीनचे म्हणणे आणि उजवीकडे ब्रिटनचे म्हणणे मुलांकडून मराठीत उतरवून घ्यावे. चीन म्हणतो की, १ जुलै १९९७ पासून हाँगकाँगवरील सार्वभौमत्वाचा वापर पुन्हा सुरू करण्याचे त्याने ठरवले आहे. ब्रिटन म्हणतो की, त्याच दिवसापासून तो हाँगकाँग चीनला परत करील.

मुलांना प्रथम दोन्ही वाक्ये एकच वाटतात. तेव्हा मक्तेपत्र काढावे. मालकाने "मी माझ्या वावराची वहिवाट पुन्हा सुरू करतो" असे लिहिले आणि मक्तेदाराने "मी वावर परत देतो" असे लिहिले, तर पहिल्याच्या मते मालकी कधी गेलीच नव्हती, आणि दुसऱ्याच्या मते ती त्याच्याकडे होती म्हणून तो परत देऊ शकतो. चीनच्या दृष्टीने अफू युद्धानंतरचे तह विषम, लादलेले आणि म्हणून अमान्य होते. त्याने "हस्तांतर" हा शब्दच टाळला. एकाच कागदावर दोन इतिहास शेजारी नांदतात आणि दोघांची सही एकाच जागी होते. ही गोष्ट मुलांच्या ध्यानात आली की पुढचे सारे सोपे जाते, म्हणून येथे घाई करू नये, बैठक लांबली तरी चालेल.

याला जोडून १९७२ ची नोंद द्यावी. त्याच्या आदल्या वर्षी साम्यवादी चीनला संयुक्त राष्ट्रांतील जागा मिळाली होती, आणि त्याने हाँगकाँग व पोर्तुगालच्या ताब्यातील मकाव यांची नावे वसाहतींच्या यादीतून काढून घ्यायला लावली. वसाहतींच्या यादीत नाव असते तर तेथील लोकांच्या स्वयंनिर्णयाचा, म्हणजे पर्यायाने स्वातंत्र्याचा, प्रश्न उभा राहिला असता. यादीतून नाव गेले आणि तो दरवाजा बंद झाला. म्हणूनच "हाँगकाँग १९९७ मध्ये स्वतंत्र झाले" हे उत्तर चूक आहे. वाटाघाटींतही हाँगकाँगच्या लोकांना तिसरा पक्ष म्हणून जागा मिळाली नाही. तीन पायांची बैठक चीनने फेटाळली. ज्यांच्या राहत्या घराचा व्यवहार चालला होता, त्यांची सही कागदावर कोठेच नाही. हे वाचताना माझ्या मनाला दर वेळी यातना होतात, आणि शिकवणाऱ्याने ती भावना लपवण्याचे कारण नाही. मात्र भावना आणि नोंद वेगवेगळ्या सांगाव्यात.

आता मक्तेपत्रातील शेवटची ओळ वाचायला सांगावी. वाद झाल्यास गावातील अमुक पाच जणांचा निर्णय मान्य राहील, अशा अर्थाचे काहीतरी तेथे असतेच. मग जाहीरनाम्यात अशी ओळ शोधायला लावावी. ती सापडत नाही. दोन्ही देशांचा एक संयुक्त संपर्क गट होता आणि त्याचे काम १ जानेवारी २००० ला संपले. परंतु मतभेद झाल्यास कोणत्या न्यायालयात किंवा लवादापुढे जायचे, हे जाहीरनाम्यात नाही. पुढच्या पंचवीस वर्षांतील बहुतेक तंट्यांचे मूळ मला या गाळलेल्या ओळीत दिसते.

तिसरी बैठक: वऱ्हाडचा पट्टा

ही बैठक कोणत्याही परिस्थितीत वगळू नये. १८५३ मध्ये निजामाने, इंग्रजांच्या हुकमतीखालील हैदराबाद कंटिंजंट या फौजेचा खर्च भागवण्यासाठी, वऱ्हाडचा कारभार कंपनीच्या हाती सोपवला. तेव्हा लॉर्ड डलहौसी गव्हर्नर जनरल होता. प्रदेश निजामाचा आणि कारभार इंग्रजांचा अशी ही व्यवस्था होती. निजामाचे दिवाण सालारजंग यांनी तो परत मिळवण्यासाठी बराच खटाटोप केला, पण यश आले नाही. नोव्हेंबर १९०२ मध्ये लॉर्ड कर्झन आणि निजाम मीर महबूब अली खान यांच्यात नवा करार झाला: वऱ्हाडवरील निजामाचे सार्वभौमत्व इंग्रजांनी पुन्हा मान्य केले, आणि त्याच कागदाने वऱ्हाड सालीना २५ लाख रुपयांवर कायमच्या पट्ट्याने घेतले. पुढल्या वर्षी ते मध्य प्रांताला जोडले गेले. १९३६ मध्ये निजामाच्या उपाधीत "हैदराबाद आणि वऱ्हाड" असे शब्द आले व त्याचा वारस "प्रिन्स ऑफ बेरार" झाला. अमरावतीच्या शेतकऱ्याचा शेतसारा मात्र नागपूरच्या सरकारकडेच जात राहिला.

मुलांना येथे हाँगकाँगशी तुलना करायला लावावी आणि फरक त्यांनाच शोधू द्यावेत. वऱ्हाडचे भाडे ठरले होते, नव्या प्रदेशांचे नव्हते. वऱ्हाडचा पट्टा बेमुदत होता, नव्या प्रदेशांचा मोजून ९९ वर्षांचा. बेमुदत पट्ट्याला शेवटची तारीख नसते, त्यामुळे त्यावर घड्याळ लावून कोणी वाटाघाटीला बसत नाही. वऱ्हाडचा पट्टा संपला तो कोणत्या मुदतीने नव्हे, तर १९४७ ला इंग्रजांची सत्ताच गेल्याने; तोवरची व्यवस्था पुढे चालू राहिली, सप्टेंबर १९४८ च्या हैदराबादवरील कारवाईनंतर निजामाच्या हक्काला काही अर्थ उरला नाही, आणि वऱ्हाड मध्य प्रदेश, मग १९५६ चे द्वैभाषिक मुंबई राज्य, आणि १ मे १९६० पासून महाराष्ट्र असा प्रवास करीत आजच्या जागी आले.

जागतिक संबंधही येथेच दाखवता येतात. १८६१ ते १८६५ या काळात अमेरिकेत यादवी युद्ध पेटले, तिकडचा कापूस लँकेशायरच्या गिरण्यांना मिळेनासा झाला, आणि खामगाव, अकोला, अमरावतीच्या बाजारांना परदेशी भाव कळू लागला. रेल्वे वऱ्हाडातून नागपूरला १८६७ मध्ये पोहोचली. म्हणजे मालकी हैदराबादच्या नावे, कारभार इंग्रजांचा आणि भाव लिव्हरपूलचा अशा तिहेरी बंधनात वऱ्हाडचा शेतकरी होता. ज्यांच्या घरी जुने फेरफार उतारे असतील त्यांना ते आणायला सांगावे; रयतवारीमुळे वऱ्हाडात थेट कास्तकाराचे नाव नोंदले जाई, तर नागपूरकडे मालगुजारी होती. नागपूर, भंडारा, चंद्रपूर भागातील अभ्यासिकांनी ही बैठक थोडी बदलावी, कारण तो मुलूख भोसल्यांचा होता आणि रघूजी तिसरे डिसेंबर १८५३ मध्ये औरस वारसाविना वारल्यावर तो खालसा करण्यात आला. तेथे पट्टा नव्हता, थेट विलीनीकरण होते.

चौथी बैठक: झेंडा बदलला, काय राहिले

३० जून १९९७ च्या मध्यरात्रीचा सोहळा मुलांना चित्रफितीतून पाहायचा असतो. तो अवश्य दाखवावा, पण दहा मिनिटांत आटोपावा. पाऊस पडत होता, ब्रिटनतर्फे राजपुत्र चार्ल्स आणि चीनतर्फे अध्यक्ष च्यांग त्समिन उपस्थित होते, शेवटचे गव्हर्नर क्रिस पॅटन बोटीने निघून गेले आणि तुंग ची-हवा पहिले मुख्य कार्यकारी झाले, एवढे पुरे. खरे काम दुसऱ्या दिवशी सकाळी जी कचेरी नेहमीप्रमाणे उघडली, तिच्यात आहे.

मूलभूत कायद्याचे ८ वे कलम आणि आपल्या संविधानाचे अनुच्छेद ३७२ एकत्र वाचावे. दोन्हींचा आशय एकच: आधीचे कायदे नव्या व्यवस्थेशी विसंगत नसतील तेथवर चालू राहतील. भारतीय दंड संहिता १८६० ची होती आणि ती थेट १ जुलै २०२४ ला बदलली, हे उदाहरण पोलीस भरतीच्या मुलांना लगेच पटते. न्यायालयांचेही तसेच. आपल्याकडून लंडनच्या प्रिव्ही कौन्सिलकडे जाणारी अपिले १९४९ मध्ये थांबली. हाँगकाँगची १९९७ मध्ये थांबली आणि तेथे अंतिम अपील न्यायालय स्थापन झाले, ज्यात ८२ व्या कलमानुसार इतर देशांतील न्यायाधीशही बसू शकतात. फरक यापुढे आहे. आपल्या संविधानाचा अर्थ लावण्याचा शेवटचा अधिकार आपल्याच सर्वोच्च न्यायालयाकडे आहे. हाँगकाँगच्या मूलभूत कायद्याचा अर्थ लावण्याचा अधिकार १५८ व्या कलमाने पेकिंगमधील राष्ट्रीय लोकप्रतिनिधी सभेच्या स्थायी समितीकडे ठेवला आहे. १९९९ मध्ये वास्तव्याच्या हक्काबाबत तो प्रथम वापरला गेला. मुलांनी पाठ करायचे कलम एकच असेल, तर ते हे असावे.

पाचवी बैठक: बाहेरच्या जगाशी असलेली नाती

नवी सत्ता आल्यावर जुनी आंतरराष्ट्रीय नाती कोणाकडे जातात, हा प्रश्न आपल्याच उदाहरणाने सुरू करावा. भारत १९४५ मध्ये, पारतंत्र्यात असतानाच, संयुक्त राष्ट्रांचा संस्थापक सदस्य होता. फाळणीनंतर ते सदस्यत्व भारताकडे राहिले आणि पाकिस्तानला सप्टेंबर १९४७ मध्ये नव्याने प्रवेश घ्यावा लागला. हाँगकाँगच्या बाबतीत वेगळीच रचना झाली. परराष्ट्र व्यवहार आणि संरक्षण चीनकडे गेले. पण १५१ व्या कलमानुसार व्यापार, अर्थ, जहाजवाहतूक, दळणवळण, पर्यटन, संस्कृती आणि क्रीडा या क्षेत्रांत "हाँगकाँग, चीन" या नावाने स्वतंत्रपणे करार करण्याची मुभा राहिली. १११ व्या कलमाने चलन वेगळे राहिले, ११६ व्या कलमाने सीमाशुल्काचा प्रदेश वेगळा राहिला. ऑलिम्पिकमध्ये संघ वेगळा उतरतो, पण पदक मिळाल्यावर राष्ट्रगीत चीनचे वाजते.

सरावासाठी भारताच्या वाणिज्य मंत्रालयाचा निर्यातीचा तक्ता उघडून त्यात "चीन" आणि "हाँगकाँग" या दोन वेगळ्या ओळी मुलांना शोधायला लावाव्यात, आणि पैलू पाडलेल्या हिऱ्यांचा माल कोणत्या ओळीत जास्त आहे ते पाहायला सांगावे.

यानंतर कापसाकडे यावे. जागतिक व्यापार संघटनेची सहावी मंत्रिस्तरीय परिषद १३ ते १८ डिसेंबर २००५ या काळात हाँगकाँगमध्येच भरली होती. कोरियाच्या शेतकऱ्यांनी तेथील रस्त्यांवर तीव्र आंदोलन केले. त्या परिषदेच्या जाहीरनाम्यात कापसाचा स्वतंत्र उल्लेख आहे: विकसित देशांनी कापसावरील सर्व प्रकारची निर्यात अनुदाने २००६ मध्ये बंद करावीत असे ठरले. देशांतर्गत अनुदानांचा मोठा प्रश्न मात्र पुढील वाटाघाटींवर ढकलला गेला. आपल्या कापूस पट्ट्यातून त्या वर्षांत शेतकरी आत्महत्यांच्या बातम्या रोज येत होत्या. विदर्भातील विद्यार्थ्याने हाँगकाँगचे नाव घेतले आणि त्याला ही परिषद आठवली नाही, असे होऊ नये एवढी माझी कळकळ आहे.

हाँगकाँगमधील भारतीयांविषयी थोडक्यात सांगावे. दोराबजी नौरोजी या पारशी उद्योजकाने बंदरातील फेरीबोटीची सेवा उभारली आणि होरमसजी मोदी यांच्या देणगीतून हाँगकाँग विद्यापीठाची इमारत उभी राहिली. पण १९९७ जवळ येताच, पिढ्यान्‌पिढ्या तेथे राहिलेल्या भारतीय वंशाच्या अनेकांना चिनी नागरिकत्वही मिळेना आणि ब्रिटनमध्ये राहण्याचा हक्कही मिळेना. अखेर ब्रिटिश संसदेने १९९७ मध्ये स्वतंत्र कायदा करून अशा लोकांना नागरिकत्व घेण्याची सोय केली.

१९९७ नंतरच्या घटना कशा घ्याव्यात

येथे शिकवणाऱ्याने जपून चालावे. आधी केवळ घटना, वर्षासह, फळ्यावर लिहाव्यात: २००३ मध्ये २३ व्या कलमाखालील सुरक्षा विधेयकाविरुद्ध प्रचंड मोर्चा आणि विधेयकाची माघार, २०१४ चे खुल्या निवडणुकांच्या मागणीचे छत्री आंदोलन, २०१९ चे प्रत्यार्पण विधेयक आणि त्यावरील महिनोन्‌महिने चाललेली निदर्शने, ३० जून २०२० चा राष्ट्रीय सुरक्षा कायदा, २०२१ मधील निवडणूक पद्धतीतील बदल, मार्च २०२४ मध्ये २३ व्या कलमाखाली संमत झालेला स्थानिक कायदा. त्यानंतर पुन्हा दोन रकाने करावेत. चीनचे म्हणणे असे की, सुरक्षा हा सार्वभौम सत्तेचा विषय आहे, आणि १९८४ चा जाहीरनामा हा आता इतिहासजमा दस्तऐवज आहे; ही भूमिका त्याच्या परराष्ट्र खात्याने २०१७ मध्ये जाहीरपणे घेतली. ब्रिटनचे म्हणणे असे की, तो संयुक्त राष्ट्रांत नोंदलेला, आजही बंधनकारक असलेला करार आहे. जानेवारी २०२१ पासून ब्रिटनने हाँगकाँगमधील आपल्या परदेशस्थ पासपोर्टधारकांसाठी वास्तव्याचा वेगळा मार्ग खुला केला, आणि अमेरिकेने जुलै २०२० मध्ये हाँगकाँगला चीनपेक्षा वेगळी वागणूक देणे थांबवले. यातून मुलांना एक बारकावा दाखवावा: बाहेरच्या जगाने वेगळे मानले तरच वेगळेपण टिकते, आणि ते मानणे कोणत्याही कलमाने बांधता येत नाही.

माझे स्वतःचे मत मी मुलांपासून लपवत नाही. हाँगकाँगची व्यवस्था १९९७ नंतर पन्नास वर्षे बदलणार नाही असा जो शब्द ५ व्या कलमात दिला गेला होता, त्या पन्नास वर्षांपैकी निम्मी उलटण्यापूर्वीच बोलण्याची आणि मत देण्याची मोकळीक मोठ्या प्रमाणात आकसली, असे मला वाटते. पण हे मत मी शेवटच्या दहा मिनिटांत, दोन्ही रकाने भरून झाल्यावरच सांगतो, आणि कोणाला वेगळे वाटत असेल तर त्याने कलमाचा क्रमांक सांगून बोलावे अशी अट घालतो.

शेवटचा सराव पुन्हा बँकेचा द्यावा. जाहीरनाम्याच्या तिसऱ्या परिशिष्टानुसार जमिनीचे पट्टे ३० जून २०४७ पर्यंत वाढवता येत होते. एखाद्या कुटुंबाने २०२० मध्ये तीस वर्षांचे घरकर्ज मागितले असते, तर मुदत २०५० पर्यंत गेली असती. मॅक्लेहोस यांच्यासमोर १९७९ मध्ये जो पेच होता, तोच पुन्हा उभा राहिला. या वेळी वाटाघाटीला दुसरा देश नव्हता. हाँगकाँगच्या विधिमंडळाने २०२४ मध्ये कायदा करून मुदत संपणारे पट्टे पन्नास वर्षांनी पुढे नेण्याची व्यवस्था केली. दोन्ही प्रसंगांची तुलना मुलांनी प्रत्येकी एका पानात लिहून आणावी, आणि पहिल्या दिवशीचे तुरीचे दाणे एका डबीत भरून अभ्यासिकेच्या कपाटात ठेवावेत. पुढच्या वर्षीच्या तुकडीला लागतात.